टप्पा पडायच्या आत

रविवारी सहाला बावड्याकडून गुऱ्हाळाचा वास येतो
आणि कोर्टवर नऊजण उभे असतात,
आठ पोरं आणि एक हिरेमठकाका,
बँकेतून निवृत्त, बूट नवेकोरे.
मी म्हणते, रॅकेटी कुंपणाला लावून ठेवा.
चेहरे उतरतात. अडीच हजार मोजले,
आणि हात लावायचा नाही?

आधी झेल. एका हातानं, अंगाच्या पुढं,
राखणदार जागा व्हायच्या आत पेरू काढावा तसा.
हात मागं नेला की पेरू गेला.
अर्शिया शिकलगार डोळे मिटून झेलते.
तरी झेलते.
तिला काय सांगायचं, मला अजून सुचलेलं नाही.

मग चप्पल.
व्हय, पायातलीच. काढायची, पंजावर चढवायची,
अंगठ्यात बोट, पट्ट्याखाली हात,
आणि नेटपाशी उभं राहायचं.
लांबून झोका घ्यायचा नाही.
घेतला तर ते टेनिस राहत नाही, घर होतं.
नुसती पुढं धरा.
चेंडू आपणहून येतो, चट् म्हणतो, परत जातो.

मल्हार घाटगेची सँडल रबरी,
तिच्यावरून चेंडू पार पार्किंगमध्ये.
प्रज्वल सातपुतेच्या चपलेला मात्र आवाज आहे,
बापाच्या हातची, टाका न् टाका मोजून घ्यावा अशी.
त्याला रॅकेट नाही. क्लबातली एक घेतो.
तिची सुटलेली मूठ त्यानं घरून वादीनं आवळून आणलीय,
माझ्या रॅकेटपेक्षा घट्ट.

आता रॅकेट घ्या, पण गळ्याशी धरा,
रश्शाला निघालेली कोंबडी धरतात तशी.
सन्मती मगदूम हात वर करते,
"मॅडम, आम्ही जैन. मी दोडका धरते."
धर बाई. दोडका तर दोडका.

शेवटी ओळी. नेटच्या अलीकडं चार, पलीकडं चार,
नववा मोजणार.
मोजायचं मराठीत, मोठ्यानं,
चेंडू पडला की पुन्हा एकपासून.
अठ्ठावीसपर्यंत सुसाट.
मग कुणीतरी म्हणतं, "ट्वेंटीना..."
आणि सगळे त्याच्याकडं बघतात, चेंडू सोडून.
हात बरोबर असतात. आकडा अडखळतो,
आकड्यामागं पाय.
तीन रविवार आम्ही एकोणतीसलाच पडतोय.
काकांनी मोजलं तर नोटा मोजल्यासारखं,
चेंडू पुढं, आकडा मागं.

मी स्वतः बेसलाइनची.
तालमीतले आमचे अण्णा जाळीबाहेरून ओरडायचे,
"पोरी, पुढं जा की! अंगाला भीड!"
मी टप्पा पडू द्यायची.
चेंडूचा, नोकरीच्या पत्राचा, अण्णांच्या खोकल्याचा.
एकदा पडू दे, मग बघू.
बघेपर्यंत दुसरा टप्पा पडून गेलेला असायचा.

आज प्रज्वलला म्हटलं, तू मोज.
तो घरी जोड मोजतो,
शनिवारी चप्पल लाईनला माल जायच्या आधी.
खालमानेनंच सुरू झाला, सपाट आवाजात,
आणि एकोणतीस आला आणि गेला,
कुणाच्या लक्षातही आलं नाही.
एकोणचाळीस.
एकोणपन्नास, आणि अर्शियाचे डोळे उघडे.
एकोणसाठला माझाच श्वास अडकला,
मी कधी दोन पावलं पुढं आले, कुणास ठाऊक.

त्रेसष्टला चेंडू काकांच्या नव्या बुटावर पडला.
प्रज्वल मात्र
चौसष्ट म्हणून मोकळा झाला होता.
त्यावरून जे भांडण झालं ते अजून चालू आहे.

निघताना चपलांचा ढीग, डावी कुणाची, उजवी कुणाची.
काका बुटाची नाडी सोडत विचारतात,
"पुढच्या रविवारी हे नकोत ना, मॅडम?"
मी काही बोलायच्या आत
प्रज्वल त्यांच्या पायाकडं एकदाच बघतो.
"नऊ नंबर," म्हणतो.